मस्टँगचा पुढचा बंपर बदलताना आणि रंगवताना या चुका टाळा

फोर्ड मस्टँग जीटी 2016 मध्ये अधिकृतपणे भारतात आली ती पूर्ण बांधलेल्या स्वरूपात, आयात होऊन. पुढे 2021 मध्ये फोर्डने येथील मोटारींचे उत्पादन थांबवण्याचा निर्णय जाहीर केल्यापासून या गाडीचा धड असलेला मूळ बंपर ही जपून ठेवण्याची वस्तू झाली आहे. म्हणूनच पुढचा बंपर बदलण्याची किंवा रंगवण्याची हौस करताना घाई करू नये. या कामातल्या बहुतेक चुका स्प्रे गन हातात घेण्याआधीच झालेल्या असतात. रंग लागतो तेव्हा सगळे छान दिसते आणि दोष उघडा पडतो तो एखादा पावसाळा उलटल्यावर.

पहिली चूक भाग निवडतानाच होते. 2018 च्या मॉडेलमध्ये मस्टँगचा चेहरा बदलला. बॉनेट खाली आले आणि हेडलॅम्पही वेगळे झाले. त्यामुळे तो बंपर आपल्याकडच्या आधीच्या गाडीवर नुसता चढवता येत नाही. शेल्बी जीटी 350 या मस्टँगच्याच अधिक वेगवान आवृत्तीचे तर विंडशील्डच्या पुढचे सगळे पत्रे स्वतंत्र आहेत, म्हणजे तिचा अस्सल बंपर साध्या जीटीच्या फेंडरला जुळणारच नाही. बाजारात ‘जीटी 350 स्टाइल’ म्हणून जे मिळते ते इतर उत्पादकांनी जीटीच्या मापाने बनवलेले असते, आणि त्याची मापे मूळ भागाइतकी काटेकोर असतीलच असे नाही. यावर उपाय एकच आहे: रंगाचा एक थेंबही लावण्याआधी बंपर ब्रॅकेट, जाळी, दिवे आणि चाकामागच्या लायनरसह पूर्ण जोडून पाहावा, फेंडर व हेडलॅम्पजवळची फट दोन्ही बाजूंना सारखी येते का ते तपासावे, आणि छिद्रे पाडणे, कडा घासणे ही सगळी कामे तेव्हाच उरकावीत. रंगवलेल्या बंपरला नंतर घासणी लावली की उघडी पडलेली कडाच पुढे पापुद्रे सुटण्याची जागा ठरते.

जोडणी जमत नाही म्हणून बंपरमागचा फोमचा ठोकळा कापणारे कारागीर आहेत. हे मुळीच करू देऊ नये, कारण धडकेचा पहिला आघात तोच झेलतो. नव्या बंपरची जाळी कितीही आकर्षक असली, तरी रेडिएटर आणि एसीच्या कंडेन्सरकडे जाणारी हवा ती अडवत नाही ना, हेही पाहिले पाहिजे. पाच लिटरचे व्ही 8 इंजिन मे महिन्यात मुंबईच्या कोंडीत उभे असताना हा प्रश्न केवळ शोभेचा राहत नाही.

आता साहित्याकडे वळू. बंपर उलटा करून आतल्या बाजूला पाहिले, तर टीपीओ किंवा पीपी + ईपीडीएम अशी अक्षरे कोरलेली दिसतात. ही पॉलिप्रॉपिलीनच्या कुळातली प्लास्टिके असून त्यांच्या पृष्ठभागाला रंग स्वभावतः धरत नाही. आत काचतंतूंचे जाळे दिसत असेल तर तो एफआरपी आहे. त्याला रंग चटकन धरतो, परंतु तो लवचीक नसल्यामुळे स्पीडब्रेकरच्या एका घासणीत तडकतो, शिवाय त्यातली बारीक छिद्रे आधी भरली नाहीत तर रंग तापवताना त्यांतली हवा फुगून वर येते. माझे मत स्पष्ट आहे: आपल्या रस्त्यांवर रोज चालणाऱ्या गाडीला एफआरपीचा बंपर लावू नये.

उघड्या टीपीओवर अॅडहीजन प्रमोटर (प्लास्टिकला रंग धरवणारा द्रव) न मारता थेट प्रायमर मारणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. प्रमोटर पातळच मारायचा असतो. जाड मारल्याने पकड वाढत नाही, उलट तोच थर कमकुवत राहतो. त्यानंतरचा थर डब्यावर दिलेल्या वेळेतच चढला पाहिजे. काही जण क्लिअर कोटमध्ये, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरात, लवचीकपणासाठीचे फ्लेक्स अॅडिटिव्ह घालतात आणि प्रमोटरची गरज संपली असे समजतात. हे दोन पदार्थ वेगळे आहेत: एक वरच्या थराला वाकण्याची मुभा देतो आणि दुसरा सर्वांत खालच्या थराला प्लास्टिकशी बांधतो.

सफाईचा क्रमही तितकाच महत्त्वाचा आहे. आधी साबणाच्या पाण्याने धुणे, मग प्लास्टिकसाठीच्या क्लीनरने मेण आणि तेलकटपणा काढणे, त्यानंतर घासणे आणि पुन्हा क्लीनर, असा तो क्रम आहे. न धुता घासायला सुरुवात केली तर जुन्या पॉलिशमधले सिलिकॉन ओरखड्यांच्या आत जाऊन बसते आणि रंगात गोल खळगे पडतात, ज्यांना पेंटर फिश आय म्हणतात. कोऱ्या बंपरवरही साच्यातून सुटण्यासाठी लावलेला पदार्थ शिल्लक असू शकतो. क्लीनर एका कापडाने लावावा आणि तो उडून जाण्याआधी दुसऱ्या कोरड्या कापडाने पुसावा, नाहीतर मळ फक्त जागा बदलतो. सफाईसाठी तीव्र थिनर भरपूर वापरणेही घातक आहे, कारण तो प्लास्टिकमध्ये मुरतो आणि पुढे रंगाखालून बाहेर येऊ पाहतो.

घासताना 80 नंबरचा पेपर टीपीओवर चालवला की प्लास्टिकला केसांसारखी लव सुटते आणि ती रंगातूनही जाणवते. तडा गेला असेल तर त्याच जातीच्या प्लास्टिकच्या कांडीने वेल्डिंग करावे आणि वर प्लास्टिकसाठीची लवचीक पुट्टी भरावी. पत्र्याची पुट्टी इथे टिकत नाही. प्रायमर वाळल्यावर 600 ते 800 नंबरचा वॉटर पेपर पुरतो.

रंग जुळवण्याबाबत एक भ्रम दूर केला पाहिजे. दाराच्या चौकटीवरील लेबलवरचा कोड, उदाहरणार्थ रेस रेडचा पीक्यू, ही फक्त सुरुवात असते. त्याच कोडच्या छटांमध्ये थोडे फरक असतात, आणि गाडी काही वर्षे उन्हात राहिल्यावर तिचा रंगही मूळचा राहत नाही. म्हणून आधी कार्डावर नमुना मारून, त्यावर क्लिअर चढवून, तो फेंडरला टेकवून उन्हात पाहावा. ट्रिपल यलो हा तीन थरांचा रंग असल्याने मधल्या थराचे किती हात झाले यावर छटा बदलते. तिथे दोन, तीन आणि चार हातांचे वेगवेगळे नमुने केल्याशिवाय पुढे जाऊ नये. इन्गॉट सिल्व्हरसारखा मेटॅलिक रंग मारताना बंपर आडवा ठेवू नये. तो गाडीवर जसा उभा असतो तसाच स्टँडवर असावा, कारण रंगातले धातूचे कण कसे पसरतात यावर उजळपणा ठरतो.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हे काम काढायचेच असेल तर कॉम्प्रेसरच्या नळीत पाणी अडवणारा फिल्टर हवाच. दमट हवेत वेगाने उडणारा थिनर वापरला की रंगावर पांढुरकी झाक येते. विदर्भातल्या उन्हाळ्यात उलट घडते: वरचा थर लगेच आवळतो, आतला थिनर कोंडतो आणि बारीक फोड येतात. तेथे संथ हार्डनर (थर घट्ट करणारा द्रव) व थिनर घ्यावा आणि दोन हातांमध्ये पुरेसा वेळ जाऊ द्यावा. भट्टीत तापवताना बंपरला सर्व बाजूंनी आधार हवा, अन्यथा गरम प्लास्टिक स्वतःच्याच वजनाने वाकते.

टू-के, म्हणजे दोन घटक मिसळून वापरायच्या, क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट ही घातक रसायने असतात आणि त्यांनी जडणारा दमा अनेकदा आयुष्यभर पाठ सोडत नाही. रुमाल किंवा धुळीचा साधा मास्क इथे निरुपयोगी आहे. बाहेरून हवा पुरवणारा मास्क आणि रंगकामाचा बंदिस्त बूथ नसेल, तर सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे काम कोणीही करू नये.

रंग आधीच सुटू लागला असेल, तर निघालेला पापुद्रा फेकून न देता उलटा करून पाहावा. त्याच्या मागे प्रायमर चिकटलेला असेल आणि खाली प्लास्टिक उघडे पडले असेल, तर पकड तळाशीच तुटली आहे. असा बंपर प्लास्टिकपर्यंत उतरवूनच पुन्हा रंगवावा लागतो, वरून नवा रंग मारून काही साधत नाही. खाली रंग शाबूत असेल आणि फक्त पारदर्शक थर सुटला असेल, तर बहुधा रंग आणि क्लिअर यांच्यामध्ये मर्यादेपेक्षा जास्त वेळ गेलेला असतो. फिश आय दिसले तर पूर्ण वाळू देऊन, घासून, सफाई पहिल्यापासून करावी. संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा मात्र क्लिअर पुरेसा जाड असेल तर 2000 नंबरच्या पेपरने आणि पॉलिशने निघतो.

कायद्याची बाजूही पाहावी. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांपासून वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हीच भूमिका घेतली. गाडीचा रंगच बदलायचा असेल तर आधी आरटीओकडे आणि विमा कंपनीकडे विचारणा करावी. नव्या बंपरवर नंबर प्लेट नीट, पूर्ण दिसेल अशी बसली पाहिजे.

काम झाल्यावर क्लिअर हाताला कोरडा लागला तरी आतून तो पक्का व्हायला काही आठवडे जातात. तोवर मेण लावू नये, आणि दगडांपासून संरक्षण देणारी पीपीएफ फिल्म रंग उत्पादकाने सांगितलेला अवधी संपल्यावरच बसवावी. ती लवकर बसवली, तर पुढे काढताना रंगही सोबत घेऊन येते.