तेरडा लावताय? आधी गवतवाल्या मामांना सांगा

खुरपं, झारी, माती यांवर शब्द घालवत नाही. तेरडा आपल्याकडचाच, पावसाळ्यात कुठेही उगवतो, त्याचे फार लाड नकोत. बी मात्र साध्या एकेरी गुलाबी तेरड्याचं हवं. नर्सरीत भरगच्च दुहेरी फुलांचा मिळतो. त्यात पाकळ्यांचीच गर्दी, मधमाशीला आत शिरायलाच वाव नाही. कासला गेलात तर तिथून काही उचलून आणू नका. तिथला तेरडा वेगळ्या जातीचा आहे, आणि ते पठार २०१२ पासून जागतिक वारशात आहे. शेजारच्या काकूंकडून मूठभर बी मागा, पुरतं.

पाणी साचणार नाही अशी जागा बघा, देठ पाणीदार असतो, लगेच कुजतो. जूनमध्ये दोन चांगल्या सरी पडल्या की बी फेकून वर चिमूटभर माती टाका.

आणि त्याच दिवशी गवत कापणाऱ्या मामांना सांगा. उद्या नाही, त्याच दिवशी. गेल्या वर्षी मी ‘सांगू की सावकाश’ म्हणत बसलो. जुलैत घरी आलो तर वीतभर वाढलेली रोपं कटरखाली सपाट, गुलाबीसर देठांचे पाणेरी तुकडे भिंतीवर उडालेले. मामांनी तुळस मात्र जपून वळसा घालून सोडली होती! त्यांचं काय चुकलं? कोवळा तेरडा गवतातच जमा. म्हणून चार काठ्या रोवा, त्यांना लाल चिंधी बांधा, मामांना हाताला धरून दाखवा. मामा गावाला गेले की बदली माणूस येतो, त्यालाही दाखवा. सोसायटीच्या ग्रुपवर टाकून भागत नाही, मामा ग्रुपवर नाहीत.

रोपं दाट झाली तर वीतभर अंतरावर विरळ करा. रात्री बॅटरी घेऊन गोगलगायी वेचा. शेपटीवर शिंग असलेली जाड अळी दिसली तर औषध मारू नका, तिचा पुढे पतंग होतो. फुलाच्या मागे वाकडी नळी असते, मध तिच्यात. निळ्या पट्ट्यांची मधमाशी सकाळी तिथे हमखास.

गौरींपर्यंत फुलं येतात. गौरीला थोडी घ्या, सगळी ओरबाडू नका.

शेंगा फिकट, टपोऱ्या झाल्या की मुठीत धरूनच दाबा, नाहीतर बी अंगणभर. सावलीत वाळवा, कागदी पुडी, तारीख. पुडीवरच मामांचा नंबरही लिहा.