जुन्या लॅपटॉपवरचं लिनक्स: आधी स्क्रीन बघा, मग वेग

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंटची एक्सएफसीई (हलक्या डेस्कटॉपची) आवृत्ती टाकली, तरी खिडक्या ओढताना अडखळतात, व्हिडिओ तुटतो, पंखा थांबत नाही. अशा वेळी बरेच जण लगेच त्याहून हलकं लिनक्स शोधायला लागतात. ती घाई करू नका. खराब स्क्रीन आणि संथपणा हे पुष्कळदा एकच दुखणं असतं. ग्राफिक्स चिपचा ड्रायव्हर चाललेलाच नसतो आणि स्क्रीनवरचा प्रत्येक ठिपका प्रोसेसर रंगवत बसतो.

खात्री करायला टर्मिनलमध्ये ‘इन्क्सी -जी’ चालवा (कमांड अर्थातच इंग्रजी अक्षरांत, यातला जी कॅपिटल). ‘रेंडरर’समोर ‘एलएलव्हीएमपाइप’ दिसलं, तर चित्र प्रोसेसर काढतोय. तिथे इंटेल, एएमडी किंवा एनव्हिडियाच्या चिपचं नाव असेल, तर थेट खालच्या वेगाच्या भागाकडे वळा.

एलएलव्हीएमपाइप दिसण्यामागे बहुतेक वेळा ‘नोमोडसेट’ असतं. इन्स्टॉल करताना स्क्रीन काळी पडली की हा शब्द ग्रबमध्ये (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्राममध्ये) घालतात, आणि त्याने स्क्रीन येतेही. पण तो कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, ग्राफिक्स ड्रायव्हर वापरूच देत नाही. म्हणून रिझोल्यूशन एकाच आकड्यावर अडकतं, ब्राइटनेस हलत नाही आणि सगळं संथ होतं. हा फक्त आत शिरण्यापुरता उपाय आहे.

तो तात्पुरताच वापरा. मशीन सुरू होताना जुन्या बायॉसवर शिफ्ट दाबून धरा. यूईएफआयवर (बायॉसच्या नव्या अवतारावर) एस्केप एकदाच दाबा, जास्त वेळा दाबलं तर ग्रबची कमांड ओळ उघडते. मेनू आला की ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीत ‘क्वाएट स्प्लॅश’च्या पुढे नोमोडसेट लिहा आणि एफ१० दाबा. आत गेल्यावर ड्रायव्हर मॅनेजर उघडून ‘रेकमेंडेड’ लिहिलेला ड्रायव्हर निवडा आणि रीस्टार्ट करा. सिक्युअर बूट (फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल, तर रीस्टार्टच्या वेळी निळ्या पडद्यावर ‘की’ (सहीची डिजिटल किल्ली) नोंदवायला सांगितलं जातं. तो पडदा टाळला की एनव्हिडियाचा ड्रायव्हर इन्स्टॉल होऊनही चालत नाही. इंटेलचा ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो, त्यामुळे तिथे ड्रायव्हर मॅनेजर रिकामा दिसला तर काळजी नको.

कुणी नोमोडसेट कायमचं घातलं असेल, तर ते ‘/इटीसी/डिफॉल्ट/ग्रब’ या फाइलमधून काढा आणि ‘सुडो अपडेट-ग्रब’ चालवा. ही दुसरी पायरी हमखास राहून जाते.

ड्रायव्हर नीट असूनही बाहेरचा मॉनिटर १०२४×७६८ च्या वर जात नसेल, तर आधी केबल तपासा. मॉनिटर आपली माहिती व्हीजीए केबलच्या १२ आणि १५ नंबरच्या पिनांवरून पाठवतो. स्वस्त केबलमध्ये किंवा कन्व्हर्टरमध्ये या तारा नसल्या, तर लिनक्सला मॉनिटर ओळखताच येत नाही आणि ते सावध आकडा धरतं. दुसरी केबल लावून बघा. तेवढ्याने भागलं नाही, तर ‘सीव्हीटी १९२० १०८०’ चालवून येणाऱ्या ओळीतला ‘मोडलाइन’ शब्द सोडून उरलेला भाग ‘एक्सरँडआर’ या स्क्रीन जुळवणाऱ्या कमांडच्या न्यूमोडला द्या, मग अ‍ॅडमोड. आउटपुटचं (मॉनिटर जोडलेल्या पोर्टचं) नाव नुसतं ‘एक्सरँडआर’ चालवल्यावर दिसतं तसंच्या तसं लिहा. १३६६×७६८ च्या मॉनिटरला सीव्हीटी १३६८ देतं, कारण रुंदी ८ च्या पटीत लागते. ही चूक नाही. रीस्टार्टनंतर हे सगळं पुसलं जातं, म्हणून कमांड एका स्क्रिप्टमध्ये ठेवून ‘सेशन अँड स्टार्टअप’मध्ये जोडा.

ग्राफिक्स चिप फारच जुनी असेल, तर ‘विंडो मॅनेजर ट्वीक्स’मधल्या ‘कंपोझिटर’ टॅबमध्ये कंपोझिटिंग (खिडक्यांना सावल्या, पारदर्शकता देणारी सोय) बंद करा. खिडक्यांच्या सावल्या जातील, व्हिडिओत आडव्या चिरा दिसू शकतील, पण हलकेपणा लगेच जाणवतो.

आता वेग. टर्मिनलमध्ये ‘फ्री -एच’ चालवून ‘फ्री’ रकाना बघून घाबरू नका. लिनक्स मोकळी रॅम कॅशला वापरतं. ‘अव्हेलेबल’ बघा. तो आकडा २००-३०० एमबीवर आलाय आणि स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) भरत चाललाय, तर रॅम खरंच कमी पडतेय. २ जीबीच्या मशीनवर ‘झेडरॅम-टूल्स’ टाका. ते रॅमच्याच एका भागात दाबून भरलेला स्वॅप तयार करतं, त्यामुळे हार्ड डिस्ककडे धाव कमी होते. ‘/इटीसी/डिफॉल्ट/झेडरॅमस्वॅप’ या फाइलमध्ये ‘पर्सेंट’समोर ५० ठेवा, ओळीच्या सुरुवातीचं हॅश चिन्ह काढा आणि रीस्टार्ट करा.

रॅम पुरेशी असून मशीन गोठत असेल, तर ‘टॉप’ चालवून ‘डब्ल्यूए’चा आकडा पाहा. तो सतत २०-३० च्या वर राहिला, तर प्रोसेसर डिस्कची वाट बघतोय. ‘डिस्क्स’मध्ये स्मार्ट डेटा (डिस्कच्या तब्येतीची नोंद) उघडा. ‘करंट पेंडिंग सेक्टर’ शून्य नसेल, तर बाकी सगळं सोडून आधी फाइली दुसरीकडे उतरवा. नंतर साटा एसएसडी बसवा. जुन्या मशीनवर एवढा फरक दुसऱ्या कुठल्याच खर्चाने पडत नाही.

फक्त यूट्यूबच अडखळत असेल, तर दोष बहुधा कोडेकचा, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धतीचा असतो. २०११-१२ च्या इंटेल चिप एच.२६४ हा कोडेक हार्डवेअरवर उलगडतात, व्हीपी९ हा नाही. ते ओझं प्रोसेसरवर पडतं. फायरफॉक्समध्ये ‘एनहान्स्ड-एच२६४इफाय’ एक्स्टेन्शन टाका आणि व्हिडिओ ७२०पी वर बघा.

रॅम वाढवायची असेल, तर जुन्या पट्टीवरचं लेबल वाचा. ‘पीसी३एल’ म्हणजे १.३५ व्होल्टची डीडीआर३एल. काही लॅपटॉप तेवढीच घेतात, १.५ व्होल्टची साधी डीडीआर३ लावली तर सुरूच होत नाहीत.