घरच्या शुश्रूषेवरचा सरकारी खर्च कसा वाचायचा

आई सहा वर्षं अंथरुणाला खिळून होती. दर दोन तासांनी तिची कूस बदलावी लागे, नाहीतर पाठीला जखमा होत. उशाशी एक वही ठेवून मी वेळा टिपायचे: १.४०, ३.४५, ५.३०. भरवणं, अंग पुसणं, औषधं धरून आठवड्याचे सत्तर तास सहज भरायचे. तेव्हापासून कुठलंही सरकार ‘घरी शुश्रूषा करणाऱ्यांवर एवढे कोटी’ असं सांगू लागलं की मी तो आकडा आधी एका माणसाच्या एका तासावर आणते. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा.

ब्रिटनचं उदाहरण घेऊ. तिथे २०२५-२६ मध्ये ‘केअरर्स अलाउन्स’, म्हणजे घरी शुश्रूषा करणाऱ्याला सरकारकडून मिळणारा भत्ता, आठवड्याला ८३.३० पाउंड होता आणि अट किमान ३५ तास शुश्रूषेची. भागाकार केला की तासाला २.३८ पाउंड पडतात. त्याच वर्षी तिथलं प्रौढांचं किमान वेतन तासाला १२.२१ पाउंड होतं. शिवाय पस्तीसचे सत्तर तास झाले, किंवा एका घरात दोन आजारी माणसं सांभाळली, तरी रक्कम तेवढीच.

मग कमाईची मर्यादा बघा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि नेमका इथेच घात होतो. त्या वर्षी करबिर वजा जाता आठवड्याला १९६ पाउंडांपर्यंत कमवायची मुभा होती. त्यावर एक पाउंड जरी गेला तरी भत्ता थोडाथोडा कमी होत नाही, सगळाच जातो. हे उशिरा लक्षात आलं की आधी दिलेले पैसे परत मागितले जातात, आणि दिवसरात्र रुग्णापाशी बसलेल्या माणसाच्या डोक्यावर कर्ज चढतं. म्हणून खर्चाच्या आकड्याशेजारी वसुलीचा आकडाही शोधा.

यादीबाहेर कोण राहिलं, हेही विचारा. ब्रिटनमध्ये हा भत्ता १९७६ साली सुरू झाला, पण विवाहित स्त्रियांना तो मिळत नव्हता. घरचं करणं हे त्यांचं कामच, असं गृहीत धरलेलं! अशाच एक विवाहित स्त्री, जॅकलिन ड्रेक, यांनी आईच्या शुश्रूषेसाठी नोकरी सोडली होती. युरोपीय न्यायालयाने १९८६ साली त्यांच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा कुठे हे बदललं. तोवर खर्च कमी दिसत होता, कारण ते कष्ट कुणीतरी फुकट उपसत होतं. त्यामुळे एखाद्या वर्षी खर्च एकदम वाढला तर लगेच उधळपट्टी म्हणू नका, आधी पात्रतेचे नियम बदललेत का ते तपासा.

दोन देशांची तुलना करताना पैसा कुठल्या खिशातून जातो ते पाहा. जर्मनीत १९९५ पासून शुश्रूषा विमा आहे. तिथला भत्ता रुग्णाच्या हाती पडतो, २०२५ मध्ये किती आधार लागतो त्या श्रेणीनुसार महिन्याला ३४७ ते ९९० युरो. घरी सांभाळणाऱ्याने ठरलेले तास भरले तर त्याच्या पेन्शनचा हप्ताही विमा भरतो. नुसता अर्थसंकल्प चाळलात तर यातलं फारसं काही सापडणार नाही.

भारतात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात, ज्यांना जास्त आधार लागतो अशा व्यक्तींसाठी शुश्रूषा भत्त्याचा उल्लेख आहे. पण कलम वाचून थांबू नका. आपल्या राज्याच्या अर्थसंकल्पात त्याचं वेगळं लेखाशीर्ष (खर्च मांडायचं स्वतंत्र खातं) आहे का, तिथे किती रक्कम आहे आणि वर्षअखेर प्रत्यक्षात किती खर्च झाली, हे तीन आकडे एका ओळीत मांडा. मग किती जणांना मिळाली ते विचारा, आणि पुन्हा तासावर आणा. मी हा भागाकार करते तेव्हा आईची वही शेजारी उघडी असते.