लिनक्सवर गेम हवेत? आधी घरचं कोठार धुंडाळा

माझा लॅपटॉप जुना, ४ जीबी रॅमचा. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट आहे, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार. मे महिन्यात भाचा कराडला येतो आणि पिशवी खाली ठेवायच्या आत विचारतो, "मावशी, यावर गेम चालतात का?" चालतात. त्यासाठी कुठल्या मोठ्या ऑनलाइन दुकानात खातं उघडावं लागत नाही, की विंडोजचे गेम लिनक्सवर चालवायची खटपट करावी लागत नाही. लिनक्ससाठीच बनवलेले गेम भरपूर आहेत, फक्त कुठे बघायचं ते माहीत हवं.

पहिली जागा म्हणजे मिंटमधलाच सॉफ्टवेअर मॅनेजर. त्यातला गेम्सचा विभाग उघडा. डेबियन आणि उबुंटू हेही लिनक्सचेच प्रकार. इथलं बरंचसं सामान डेबियनमधून उबुंटूत आणि तिथून मिंटमध्ये येतं, म्हणजे ते आधीच तपासलेल्या हातांतून आलेलं असतं. माझं इंटरनेट मोबाईलच्या हॉटस्पॉटवर, दिवसाला दीड जीबी. म्हणून मी गेम टर्मिनलमधून, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीतून, ॲप्टने घेते. ॲप्ट म्हणजे सॉफ्टवेअर उतरवून बसवणारी कमांड. किती एमबी उतरणार आणि डिस्कवर किती जागा जाणार, हे ॲप्ट सांगतं आणि बहुतेक वेळा आधी हो की नाही विचारतं. आकडा झेपणारा नसेल तर एन दाबायचं, काही बिघडत नाही.

सुरुवात 'एसजीटी-पझल्स'पासून करा. पटी हे प्रसिद्ध सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या सायमन टॅथम यांचा हा चाळीसेक कोड्यांचा संच, अगदी थोड्या एमबींचा. त्यातला माइन्स, म्हणजे लपलेले सुरुंग ओळखायचा गेम, मला फार आवडतो. तो पटच असा मांडतो की कुठेही अंदाजाने क्लिक करावं लागत नाही, विचार केला की सुटतोच. मुलांना हे आवर्जून सांगा.

मग ओपनटीटीडी, रेल्वे आणि वाहतुकीचा धंदा उभारायचा गेम. २००४ साली लुडविग स्ट्रिगियस यांनी ट्रान्सपोर्ट टायकून डिलक्स या जुन्या गेमच्या कोडची उकल करून हा उभा केला. आता त्याची चित्रं आणि आवाजही स्वतःचे, मुक्त आहेत, मूळ गेम विकत घ्यावा लागत नाही. भाचा यात रुळांचे सिग्नल लावत तासन्‌तास बसतो. दोन गाड्या समोरासमोर अडकल्या की सगळी लाइन ठप्प!

झिरो एडी हा प्राचीन राज्यांच्या लढायांचा गेम मोठा आहे, एक जीबीच्या वर, त्यामुळे तो वायफाय असेल तिथेच घ्या. त्यात मौर्यांचं राज्य घेऊन खेळता येतं. त्यांच्याकडे कामाचा हत्ती असतो. लाकूड, दगड तोडणाऱ्यांजवळ तो नेऊन उभा केला की माल तिथेच जमा होतो, वखारीपर्यंत फेऱ्या नकोत. सैन्य वाढलं की माझा लॅपटॉप दमतो, म्हणून मी लोकसंख्येची मर्यादा कमी ठेवते.

ॲप्टमधली आवृत्ती कधीकधी जुनी असते. मित्रासोबत नेटवर खेळायचं असेल तर दोघांची आवृत्ती एकच लागते. अशा वेळी फ्लॅटहब हे लिनक्स ॲप्सचं ऑनलाइन भांडार किंवा गेमची स्वतःची साइट बघा. छोट्या, एकेकट्या माणसांनी बनवलेल्या गेमसाठी इच डॉट आयओ ही साइट आहे. तिथे लिनक्सचा फिल्टर लावा आणि गेमखाली पेंग्विनचं चिन्ह आहे ना ते बघा. बऱ्याच गेमना तुम्ही द्याल ती किंमत असते, अगदी शून्यही. गेम आवडला तर मात्र पैसे जरूर द्या.

असा उतरवलेला गेम डबल क्लिकने उघडला नाही की बहुतेक जण तिथेच सोडून देतात. सोडू नका. फाईलवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, परमिशन्स, आणि 'प्रोग्राम म्हणून चालवू द्या' या अर्थाच्या चौकटीत खूण करा. गेम पेनड्राइव्हवर असेल तर ही खूण टिकत नाही, आधी होम फोल्डरमध्ये उचलून आणा. तरीही उघडला नाही तर त्याच फोल्डरमध्ये टर्मिनल उघडा, आधी टिंब, मग तिरकी रेघ (/), मग फाईलचं नाव लिहा आणि एंटर. काय खुपतंय ते गेम स्वतःच सांगतो.

गेल्या मेमध्ये एक जुना गेम असाच चालवला. उत्तर आलं, अशी फाईल किंवा फोल्डर नाही. भाचा स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाला, "मावशी, फाईल तर ही काय इथे आहे!" होतीच. 'फाईल' नावाचीच एक कमांड असते, ती त्या फाईलवर चालवली, तर गेम ३२ बिटचा, म्हणजे जुन्या धाटणीच्या कॉम्प्युटरसाठी बनवलेला निघाला. जी नव्हती ती फाईल दुसरीच होती: ३२ बिटचे प्रोग्राम सुरू करून देणारी. ती लिबसी६ नावाच्या पॅकेजात असते. ॲप्टने ते घेतलं, नावापुढे कोलन आणि आय३८६ (म्हणजे ३२ बिटचं) लिहून. पुन्हा चालवला, आता एसडीएल नाही म्हणाला. ही एक लायब्ररी, म्हणजे गेमला लागणारा तयार कोडचा संच. 'एलडीडी' कमांड दिली की गेमला लागणाऱ्या सगळ्या लायब्रऱ्यांची यादी येते आणि नसलेल्यांपुढे 'नॉट फाउंड' असतं. त्याही एकेक करून तशाच, आय३८६ जोडून घेतल्या. चौथ्या खेपेला संगीत वाजलं आणि भाच्याने खुर्ची पुढे ओढली.

अनोळखी साइटवरचा गेम कधीही सुडो, म्हणजे कॉम्प्युटरचे पूर्ण अधिकार देणारी कमांड, लावून चालवू नका. गेमला त्याची गरजच नसते. मी 'खेळ' नावाचं वेगळं युजर खातं केलंय, त्यात माझी कागदपत्रं, फोटो काहीच नाही. नवा गेम पहिल्यांदा तिथेच चालतो.

आणि मिंट नव्याने टाकण्याआधी त्या खात्याच्या होम फोल्डरमध्ये कंट्रोल-एच दाबून लपलेले फोल्डर दाखवा. 'डॉट लोकल' आणि 'डॉट कॉन्फिग' हे दोन्ही पेनड्राइव्हवर घ्या. बहुतेक गेमची प्रगती तिथेच असते, भाच्याची सगळी रेल्वेसुद्धा.