ब्रेल डिस्प्ले जोडताना या चुका टाळा; पण आधी खिसा तपासा

"दादा, काल रात्री चालत होता, आज मुका झालाय."

रविवारी सकाळी अक्कलकोट रोडवरून एका कॉलेजच्या पोराचा फोन. २० सेलचा ब्रेल डिस्प्ले, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर वर-खाली होणाऱ्या पिनांनी बोटाला वाचायला देणारं यंत्र (एक सेल म्हणजे ब्रेलच्या एका खुणेची जागा). तो ब्लूटूथवर, आणि लॅपटॉपवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून देणारा प्रोग्राम. गड्यानं ड्रायव्हर काढून परत टाकला होता, विंडोज अपडेट करून झालं होतं. मी विचारलं, "मोबाइल कुठाय बे?"

"खिशात."

"त्याचं ब्लूटूथ बंद कर."

फोनवरच पिनांची खरखर ऐकू आली. रात्री त्यानं डिस्प्ले मोबाइलच्या टॉकबॅक या स्क्रीन रीडरला जोडून व्हॉट्सॲप वाचलं होतं. सकाळी डिस्प्ले चालू केल्याबरोबर मोबाइलनं तो आधी पकडला आणि लॅपटॉप ताटकळत बसला. काही मॉडेलं चार-पाच उपकरणं लक्षात ठेवतात, पण तिथंही बटण दाबून कुणाशी बोलायचं ते निवडावं लागतं. म्हणून डिस्प्ले गप्प बसला की सेटिंगला हात लावण्याआधी एकच प्रश्न: आत्ता तो कुणाच्या ताब्यात आहे?

ताबा घेणारा कधीकधी लॅपटॉपच्या आतच असतो. विंडोजच्या स्वतःच्या नॅरेटर या स्क्रीन रीडरचा ब्रेल सपोर्ट कुणी हौसेनं टाकून ठेवला असेल, तर काही वेळा डिस्प्ले त्याच्याकडे जातो आणि एनव्हीडीएला मिळत नाही. तो वापरत नसाल तर काढून टाका.

दुसरी गंमत म्हणजे, विंडोजच्या यादीत डिस्प्लेपुढे 'पेअर्ड' एवढंच दिसतं, 'कनेक्टेड' दिसत नाही, म्हणून लोक तो काढून पुन्हा जोडत बसतात. सिरियल पोर्टवर (विंडोजमधल्या COM नावाच्या वाटेवर) चालणाऱ्या डिस्प्लेचं ते नॉर्मल आहे. स्क्रीन रीडरनं पोर्ट उघडल्यावरच जोडणी होते. एनव्हीडीएची की (सहसा इन्सर्ट), कंट्रोल आणि ए एकत्र दाबा, डिस्प्ले निवडायची खिडकी येईल. तिथं 'ऑटोमॅटिक' ठेवा. ते ओळखत नसेल तर मॉडेल आणि पोर्ट हातानं निवडा. काही जुनी मॉडेलं आपोआप सापडतच नाहीत. आणि डिस्प्लेला लाडानं स्वतःचं नाव देऊ नका. ब्लूटूथवरची बरीच मॉडेलं एनव्हीडीए नावाच्या सुरुवातीवरूनच ओळखतो.

पुन्हा पेअर करायची वेळ आलीच, तर दोन्हीकडून पुसा. लॅपटॉपमधून काढलं आणि डिस्प्लेच्या मेनूत जुनी नोंद तशीच राहिली, की पिन नंबर टाकूनही घोडं अडतं.

जोडलं, पिना हलतात, पण मराठी मजकुराच्या जागी भलतंच? 'क' हवा तिथं एक्स-शून्य-नऊ-एक-पाच असं काहीतरी बोटाला लागतं. तो युनिकोडमधला 'क'चा नंबर आहे. डिस्प्ले बिघडलेला नाही, आउटपुट टेबल, म्हणजे कुठल्या अक्षराला कुठली टिंबं हे ठरवणारा तक्ता, इंग्रजीचं राहिलंय. ब्रेल सेटिंगमध्ये मराठीचं टेबल निवडा आणि नोटपॅडमध्ये 'सोलापूर' टाइप करा. सात सेल भरले पाहिजेत: पहिल्यात टिंबं २-३-४ म्हणजे स, सातव्यात १-२-३-५ म्हणजे र.

दर थोड्या वेळानं जोडणी तुटत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ब्लूटूथ ॲडॅप्टरच्या पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवण्याची खूण काढा. एकदा यूएसबी केबल लावूनही बघा. तिच्यावर नीट चाललं तर दोष ब्लूटूथचा. पण केबल डेटावाली हवी. चार्जरसोबतच्या काही केबली नुसती बॅटरी भरतात आणि आपण तासभर डोकं फोडतो.

आता आपल्या सोलापूरच्या दोन गोष्टी. उन्हाळ्यात पारा ४२ च्या वर जातो तेव्हा पत्र्याच्या खोलीत डिस्प्ले चार्जिंगला लावून जाऊ नका, बॅटरी लवकर बसते. आणि तो सोलापुरी टॉवेलात गुंडाळून ठेवायची सवय सोडा, सुताचे तंतू पिनांच्या भोकांत जातात. माझाच एक सेल तसा अडकला होता, चौथं टिंब वर येईना. दोन दिवस मी 'म'च्या जागी 'क' वाचत होतो. बाकी, शेंगा चटणीचं तेल बोटाला असताना वाचायला बसू नका, हे मला आईनं सांगितलं होतं. तिला ब्रेल येत नाही, पण चटणी माहितीय.