हेवी आर्मर चढवलं आणि जहाज थांबेना : स्पेस इंजिनिअर्समधल्या या चुका टाळा

मे महिन्यातली दुपार, बाहेर ४५ अंश, कूलरसमोरची जागा सोडायची नाही असा आमच्या घरचा नियम. मानेवाड्याहून सुट्टीला आलेल्या भाच्याने ‘स्पेस इंजिनिअर्स’ या ब्लॉक जोडून अंतराळजहाजं बांधायच्या कॉम्प्युटर गेममध्ये तीन दिवस खपून एक जहाज बांधलं, भगवा रंग मारला आणि नाव ठेवलं ‘संत्रा’. मग शेजारच्या पोराशी लढाई ठरली म्हणून रात्री बसून वरचं सगळं कवच, म्हणजे आर्मर, लाइटचं (हलकं) काढून हेवी (जड) करून टाकलं. दुसऱ्या दिवशी पहिल्याच फेरीत आमच्या तळाच्या लघुग्रहाकडे सेकंदाला शंभर मीटरच्या वेगाने येताना ओरडला, ‘‘मामा, हे थांबूनच नाही राहिलं!’’ पुढच्या काही सेकंदांत संत्रा सोललं गेलं. शत्रूने एक गोळीही झाडलेली नव्हती.

‘‘आर्मर कमी पडलं का?’’ त्याने विचारलं.

‘‘कमी नाही रे बाबू, जास्त पडलं.’’

आकडे बघा. मोठ्या ग्रिडवर, म्हणजे मोठ्या ब्लॉकांच्या जहाजावर, लाइट आर्मरचा एक पूर्ण ब्लॉक ५०० किलोचा, हेवीचा ३,३०० किलोचा. कारण लाइटला लागतात २५ स्टील प्लेट, हेवीला १५० प्लेट आणि वर मेटल ग्रिड नावाचे ५० सुटे भाग. संत्र्यावर आर्मरचे साधारण ६०० ब्लॉक होते आणि आतलं सामान ७०० टन धरू. लाइटमध्ये एकूण वजन १,००० टन, हेवीमध्ये २,६८० टन. ब्रेकसाठी समोरच्या बाजूला एकच मोठा आयन थ्रस्टर (विजेवर चालणारं, जहाज ढकलणारं इंजिन), ४,३२० किलोन्यूटन जोराचा. आधी १०० मीटर प्रति सेकंदावरून थांबायला २३ सेकंद आणि जेमतेम १,१६० मीटर लागायचे. हेवी चढवल्यावर ६२ सेकंद आणि ३,१०० मीटर! नागपूरच्या कळमना बाजारातून संत्र्यांच्या पेट्यांनी खच्चून भरलेला ट्रक निघतो, त्याचा ब्रेक रिकाम्या ट्रकचाच असतो. इथे तेच झालं.

म्हणून आर्मर लावण्याआधी समोरच्या थ्रस्टरकडे बघा. बहुतेक जण मागे चार मोठे थ्रस्टर लावतात, वेग बघून खूश होतात आणि ब्रेकसाठी उरलंसुरलं काहीतरी चिकटवतात. कॉकपिटमध्ये बसलं की स्क्रीनवर जहाजाचं वजन दिसतं. समोरचा एकूण जोर (किलोन्यूटनमध्ये) भागिले ते वजन (टनांमध्ये), एवढं गणित वहीत करा. माझ्या हिशेबात उत्तर ४ च्या खाली गेलं की आर्मर उतरवायचं किंवा थ्रस्टर वाढवायचा. हा गेमचा नियम नाही, माझा ठोकताळा आहे.

याच गणिताची दुसरी गंमत कार्गोत लपलेली असते. क्रिएटिव्हमध्ये, म्हणजे सामान न जमवता बांधायच्या मोडमध्ये, जहाज रिकाम्या कंटेनरने उडवून बघतात, मस्त चालतं. मग सर्व्हायव्हलमध्ये, जिथे सगळं खणून मिळवावं लागतं, मोठा कंटेनर कच्च्या खनिजाने भरतात. त्याची क्षमता साठवणीच्या एकपट सेटिंगवर ४,२१,८७५ लिटर, खनिज किलोला ०.३७ लिटर जागा घेतं. म्हणजे भरला की सुमारे १,१४० टन. साडेतीनशे हेवी ब्लॉक लादल्यासारखंच. खाणकाम आणि लढाई एकाच जहाजाने करायची हौस असेल तर चाचणी भरल्या पोटी घ्या.

आता खरा प्रश्न : हेवी कुठे? भाच्याचं उत्तर होतं ‘‘सगळीकडे’’, आणि नवशिक्यांपैकी दहातले नऊ तेच सांगतात. सगळीकडे सारखं आर्मर म्हणजे कुठेच पुरेसं नाही. समुद्रावरच्या युद्धनौकांनी हे शंभर वर्षांपूर्वीच सोडवलं होतं. १९१४ मध्ये पाण्यात उतरलेल्या अमेरिकी ‘नेवाडा’वर दारूगोळा, इंजिनं, तोफांचे बुरूज यांना जाड कवच होतं, आणि ज्याच्यावाचून जहाज लढू शकतं तो भाग जवळपास उघडाच सोडला होता. आपल्या जहाजात रिअॅक्टर, बॅटऱ्या, कॉकपिट, जायरो (जहाज वळवणारा ब्लॉक) हे मधे ठेवा आणि हेवी त्यांच्याभोवती बांधा. जायरो कुठेही बसवला तरी तेवढंच काम करतो, मग तो पृष्ठभागावर कशाला? बाहेरची कातडी लाइटची चालेल.

थ्रस्टरांना मात्र हे जमत नाही. ज्वाळेच्या वाटेत ब्लॉक ठेवला तर तो जळतो, म्हणून मागून ते उघडेच राहणार. टरेटना (आपोआप नेम धरणाऱ्या तोफांना) आता थेट थ्रस्टर, शस्त्रं किंवा वीज यांवर नेम धरायला सांगता येतं, तेव्हा समोरचा शहाणा असेल तर आधी तिथेच मारेल. थ्रस्टर खोलगट जागेत बसवा, बाजूंना हेवीच्या भिंती द्या, आणि एका मोठ्याऐवजी काही लहान वेगवेगळ्या ठिकाणी लावा. हायड्रोजनवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवायचं : कन्व्हेयर (इंधन आणि सामान वाहणारी नळी) तुटला की टाकी भरलेली असूनही थ्रस्टर मुके. आयनला फक्त वीज लागते.

तिरक्या ब्लॉकचं नाक फार देखणं दिसतं, मान्य. पण लाइटच्या उतरत्या ब्लॉकला १३ प्लेट लागतात, पूर्ण ब्लॉकच्या जवळपास निम्म्या. मजबुतीही त्याच हिशेबात. खऱ्या रणगाड्यासारखी गोळी घसरून जाईल म्हणून उतार देऊ नका. उताराच्या आत पूर्ण ब्लॉकचा एक थर टाका, मग रूपही राहतं.

दोन थर एकमेकांना चिकटवण्यापेक्षा मधे एका ब्लॉकची पोकळी ठेवली तर क्षेपणास्त्र बाहेरच्या थरावर फुटतं आणि आतल्यापर्यंत धग कमी पोचते. १९४७ मध्ये फ्रेड व्हिपल यांनी उल्कांच्या कणांसाठी असाच पातळ पुढचा पत्रा सुचवला होता, आणि आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर आजही त्याच कल्पनेची कवचं आहेत. पण बाहेरचा थर दोन-तीन जोडांवर लटकवू नका, नाहीतर जोड तुटला की अख्खी बाजू वेगळी होऊन तरंगत जाते. हे मी स्वतः केलंय, त्यामुळे हसू नका.

कोबाल्टचंही भान ठेवा. मेटल ग्रिडला ते लागतं, आणि खाणीत मिळालेलं सगळं नाकावर ओतलं की दुरुस्तीला काही उरत नाही.

संत्रा परत बांधलं तेव्हा १४० ब्लॉक हेवीचे ठेवले, बाकी ४६० लाइटचे, आणि समोर दुसरा मोठा आयन लावला. तो स्वतःच ४३ टनांचा, तरी एकूण वजन १,४३५ टनांवर आलं आणि थांबायला ८३० मीटर पुरले. मग क्रिएटिव्हमध्ये त्याची प्रत चिकटवली आणि शेजारच्या पोराला सांगितलं, मार बिनधास्त. रिअॅक्टर टिकला, कॉकपिट टिकलं, पण डाव्या बाजूची सगळी शस्त्रं दुसऱ्या मिनिटाला गप्प झाली. भाचा मागे जाऊन बघतो तर दारूगोळ्याचा कन्व्हेयर पोटाखालून उघडाच गेलेला.

‘‘काहून बे, हे कोणी ठेवलं असं?’’ शेजारचा म्हणाला.

भाचा काही बोलला नाही. हेवीचे अकरा ब्लॉक उचलले आणि तिकडे लावायला बसला.