पियानो ब्लॅक पॅनेलवरचे चरे: डिटेलिंगच्या कामाला नव्यानं लागणाऱ्यांसाठी

गाडीच्या आत गिअरभोवतीचं, एसीच्या व्हेंटजवळचं आणि दाराच्या स्विचभोवतीचं चकचकीत काळं प्लास्टिक म्हणजे पियानो ब्लॅक. काम शिकताना सगळं लक्ष बाहेरच्या पेंटकडे जातं, पण गिऱ्हाईक बसतं आत, आणि ऊन पडलं की याच पॅनेलवरची चऱ्यांची जाळी त्याला रोज दिसते. हे प्लास्टिक बाहेरच्या क्लिअर कोटपेक्षा, म्हणजे पेंटवरच्या पारदर्शक थरापेक्षा, मऊ असतं. त्यावरचे बहुतेक बारीक चरे कोरड्या फडक्यानं पुसण्यामुळंच पडतात, म्हणून आधी नीट पुसायला शिका.

जोतिबावरून आलेली गाडी हातात आली की हे लगेच कळतं. गिअरच्या फटीत गुलाल बसलेला असतो. त्याला ओलं फडकं लावलं की रंग सुटतो आणि गुलाबी लगदा फटीत आणखी आत जातो. कोरडं फडकं फिरवलं तर गुलालातली धूळ प्लास्टिकवर घासते. आधी व्हॅक्यूम आणि मऊ ब्रश, मग ब्लोअर. त्यानंतर ऑल पर्पज क्लीनर एकास दहा पाण्यात मिसळून फडक्यावर फवारा, थेट पॅनेलवर नको. मायक्रोफायबर स्वच्छ, आखूड धाग्याचं घ्या आणि प्रत्येक पुसण्याला घडी बदला.

आता टॉर्च तिरकी धरून बघा आणि चऱ्यावरून नख फिरवा. नख अडकत नसेल तर चरा पॉलिशनं जाण्यासारखा आहे. अडकलं तर तो पूर्ण काढायच्या नादाला लागू नका. कडा मऊ करून कमी दिसेल एवढंच करा.

स्विच, क्रोमची पट्टी आणि फटी मास्किंग टेपनं झाका. फटीत सुकलेलं पॉलिश पांढरं दिसतं आणि काढायला पॉलिशिंगपेक्षा जास्त वेळ खातं. स्विचवरची छापील चिन्हंही घासली जातात. मग कोपऱ्यातल्या लहानशा जागी पॅडला थोडं पॉलिश लावून चाचणी घ्या. पॅड काळा झाला तर प्लास्टिकलाच रंग आहे. नाही झाला तर वर क्लिअर कोट असण्याची शक्यता जास्त, आणि तो कडेला पातळ असतो, तिथं हात हलका ठेवा.

मऊ फिनिशिंग फोम पॅड आणि फिनिशिंग पॉलिशचे दोन-तीन थेंब पुरतात. तळहाताएवढा भाग घ्या, आडवे-उभे चार-पाच फेरे मारा, पुसा, टॉर्चनं बघा. कंपाउंडनं, म्हणजे जास्त घासणाऱ्या पॉलिशनं, सुरुवात करू नका. मशीन वापरायचंच तर लहान डीए (ड्युअल ॲक्शन पॉलिशर), सगळ्यात कमी वेगावर. प्लास्टिकमधून उष्णता लवकर निघत नाही, एका जागी साचते, आणि एबीएस, म्हणजे ही पॅनेल बहुधा ज्याची असतात ते प्लास्टिक, साधारण १०० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं. मध्ये मध्ये पॅनेलला हात लावून बघा. गरम लागलं की थांबा. चरे जाऊन धुरकटपणा उरला तर दोष बहुधा पॅडचा किंवा दाबाचा असतो. पॅड बदला, पॉलिश वाढवू नका.

थिनर, ॲसिटोन, पेट्रोल यांतलं काहीही लावू नका, एबीएस विरघळतं किंवा खराब होतं. टूथपेस्टचे कण एकसारखे नसतात, नवीन चरे पडतात. सिलिकॉनचं ड्रेसिंग चरे भरल्यासारखं दाखवतं, पण पुसलं की जातं आणि तोवर धूळ धरून ठेवतं. टचस्क्रीनला आणि मीटरच्या काचेला हे पॉलिश लावायचंच नाही, वरचा अँटी-ग्लेअर थर निघून कायमचा डाग पडतो.

हात बसवायला चालू गाडी घेऊ नका. कोल्हापूरच्या उद्यमनगरात अपघाती गाड्यांचं काम करणाऱ्या गॅरेजमध्ये मोडका सेंटर कन्सोल मागून बघा. ३००० ग्रिटचा, म्हणजे अगदी बारीक, पॉलिश पेपर ओला करून घासला तर काय होतं, कड कधी जळते म्हणजे तिथला थर कधी निघून जातो, हे त्याच्यावरच शिकून घ्या.

काम झालं की गिऱ्हाइकाला पारदर्शक टीपीयू फिल्मचा (वर चिकटवायच्या लवचिक प्लास्टिकच्या पातळ थराचा) पर्याय सांगा, नाहीतर चरे पुन्हा येतात. बसवताना अर्धा लिटर पाण्यात बेबी शॅम्पूचे दोन-तीन थेंब टाका आणि ते फिल्मच्या चिकट बाजूवर मारा, पॅनेलवर नको. गिअरच्या खाली कनेक्टर आणि वायरिंग असतं.